बत्तीशीतलं तेहतिसावं घर

महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताईंचं पत्रक निघायचं. एकच कागद, पाठपोट छापलेला. कुठला रस्ता कधी खणणार, कुठलं गटार झाकलं, कोणाच्या बांधकामाला परवानगी मिळाली आणि कोणाची अडली, घरांच्या कुठल्या योजनेचं घोडं कुठे पेंड खातंय, असं सगळं त्यात असे. ताई नगरसेविका होत्या आणि मी त्यांच्या कार्यालयात टाइपिस्ट होते. त्या खिडकीपाशी उभ्या राहून, बाहेर बघत मजकूर सांगायच्या आणि मी टाइपरायटर बडवत जायची. मग ते पत्रक छापून बसथांब्यावर, दवाखान्यात, वाचनालयाच्या दारात चिकटवलं जाई आणि उरलेल्या प्रती घरोघर जात.

पत्रक निघालं की आठवड्याभरात त्याची एक प्रत टपालानं परत येई. सोबत पत्र नाही, सही नाही. नुसत्या लाल शाईच्या खुणा. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं, अनुस्वार गळालेला, एकच शब्द दोनदा पडलेला. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी ती चाचरतच ताईंपुढे ठेवली, कारण चुका सगळ्या माझ्याच होत्या. ताईंनी कागद हातात घेतला, एक नजर टाकली आणि म्हणाल्या की हे दादाचं काम आहे, मनाला लावून घेऊ नकोस, त्यानं आईच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा चुका काढल्या आहेत.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं प्रुफं तपासली होती. आता निवृत्त होऊन, एकटेच, आईवडिलांच्या खोलीत राहत होते. ती खोली बत्तीशीत होती.

बत्तीशी ही काचकारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेली बैठ्या खोल्यांची लांबलचक रांग. दारांवर एक ते बत्तीस आकडे होते, म्हणून सगळं शहर तिला बत्तीशी म्हणे. तिथल्या माणसाला कुठे राहता म्हणून विचारलं, तर तो नुसते दात दाखवी. ताईंचे वडील कारखान्यात भट्टीवर होते. चौदा नंबरच्या खोलीत ही भावंडं वाढली. पुढे ताई लग्न होऊन पुलापलीकडे गेल्या, वडील गेले, कारखान्याला कुलूप लागलं आणि बत्तीशी नगरपालिकेकडे आली.

भावाबहिणीचं भांडण असं काही झालं नव्हतं. निवडणुकीच्या एका सभेत ताई म्हणाल्या होत्या की बत्तीशीच्या खोल्या माणसांनी राहण्याच्या लायकीच्या नाहीत, तिथे मी पक्की घरं आणीन. दादा तेव्हा तिसऱ्या रांगेत बसले होते. ते उठले आणि निघून गेले. त्यानंतर चार वर्षं दोघांचं बोलणं नाही. दोघंही नाकासमोर चालणारी माणसं, आधी कोण वळणार? बोलणं काय ते लाल शाईत.

ताईंनी शब्द मात्र पाळला. बत्तीशीच्या जागी चार मजली इमारत बांधायची योजना त्यांनी गृहनिर्माण समितीकडून मंजूर करून घेतली. पाहणी झाली, राहणाऱ्यांची यादी झाली, ताईंनी तिच्यावर सही केली. त्या महिन्याचं पत्रक सांगताना त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. 'बत्तीस कुटुंबांना त्याच जागी हक्काचं घर मिळणार' हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

पत्रक परत आलं. 'बत्तीस'भोवती लाल गोल होता आणि समासात लिहिलं होतं, ३३, पुढे प्रश्नचिन्ह.

ताई म्हणाल्या, दादाला आता आकडे दिसेनासे झाले. पुढच्या महिन्यात आराखड्याची माहिती गेली, त्यातही बत्तीस होते. पुन्हा गोल, पुन्हा ३३, प्रश्नचिन्हाच्या जागी दोन रेघा. ताईंनी कागद फायलीत टाकला आणि त्या दिवशी उगाचच माझ्यावर खेकसल्या.

तिसऱ्या महिन्याच्या पत्रकात माझ्या तीन चुका राहिल्या होत्या. छापून झाल्यावर माझ्या लक्षात आल्या आणि मी लाल शाईची वाट बघत बसले होते. प्रत आली. माझ्या चुकांना हातही लावला नव्हता. सगळा कागद कोरा आणि फक्त 'बत्तीस'भोवती गोल. मी ते ताईंना दाखवलं. दादांनी चूक बघून सोडून दिली, हे त्यांना कळलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या. मग पायात चपला सरकवून म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. ती यादी घे."

दुपारचे तीन वाजले असतील. मी बत्तीशी पहिल्यांदाच आतून बघत होते. समोरासमोर काही नाही, एकाच बाजूला दारं आणि पुढे सलग ओटा. ओट्यावर कोणी गहू निवडत होतं, कोणी सायकल उलटी करून बसलं होतं. काही दारांच्या उंबऱ्यात हिरव्या काचेचे तुकडे बसवलेले होते, कारखान्यातल्या फुटक्या बाटल्यांचे. ताई चालता चालता नकळत त्या तुकड्यांवरून पाय उचलून जात होत्या. लहानपणची सवय असावी.

दादा दारात स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते, हातात अर्थातच पेन. त्यांनी वर पाहिलं आणि स्टूल बहिणीकडे सरकवलं. आश्चर्य म्हणून वाटलं नाही त्यांना.

ताई बसल्या नाहीत. "दादा, बत्तीस दारं आहेत. मी इथंच वाढले आहे."

"दारं मोजलीस," दादा म्हणाले. "आता चुली मोज."

ताईंनी रांगेच्या टोकाकडे पाहिलं. तिथे नळघर होतं, चार भिंतींचं छोटंसं, सार्वजनिक नळाचं. त्याच्या मागून शिवणयंत्राचा आवाज येत होता, थोडा वेळ चालणारा, थांबणारा, पुन्हा चालणारा. ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला ते मी बघत होते. त्या तिकडे चालू लागल्या.

नळघराच्या मागे कारखान्याची जुनी कोळसाखोली होती. तिला आकडा नव्हता, दारही पुढच्या बाजूला नव्हतं. पाहणीला आलेल्यांनी पुढून आकडे मोजले आणि ते परत गेले. आत एक वाळलेल्या अंगाच्या म्हाताऱ्या बाई यंत्रापाशी बसल्या होत्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. ताई दारात उभ्या राहिल्या तसा आतला उजेड गेला.

"आलीस का बारके," बाई म्हणाल्या. "दारातून सर जरा, सुई दिसत नाही."

ताई सरल्या नाहीत. तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या.

त्या शिलाईमावशी. त्यांचा नवरा भट्टीवरच्या अपघातात गेला, तेव्हा कारखान्याच्या व्यवस्थापकानं त्यांना तोंडी सांगून ती कोळसाखोली दिली आणि काम दिलं. तापलेल्या बाटल्या उचलणाऱ्या कामगारांना जाड कॅनव्हासचे हातमोजे लागत. एक जोडी आठवडाभरात जळून जाई. सगळ्या कारखान्याचे हातमोजे मावशी शिवत. ताईंच्या वडिलांच्या हातात तीस वर्षं मावशींनी शिवलेले मोजे होते.

आणि ताई सहा वर्षांच्या असताना त्यांची आई दीड महिना दवाखान्यात होती. वडील पाळीवर, दादा शाळेत. तो दीड महिना ताई या खोलीत होत्या. कॅनव्हासच्या ढिगाऱ्यावर झोपायच्या. मोज्यांच्या अंगठ्यांचे सुटे तुकडे त्या बाहुल्या म्हणून खेळायच्या. हे मला नंतर दादांनी सांगितलं. ताईंनी मला यातलं काही कधी सांगितलं नव्हतं, कारण मला वाटतं, त्यांना त्या दिवसापर्यंत ते आठवलंच नव्हतं.

मावशींनी तक्रार केली नाही. उलट दादांना त्यांनीच बजावलं होतं की पोरीला जाऊन काही सांगायचं नाही, तिला हजार कामं असतात, आठवेल तेव्हा येईल. दादांनी शब्द दिला आणि आपल्या पद्धतीनं तो थोडासा मोडला. "मी सांगितलं कुठं," ते मला म्हणाले, "मी फक्त चूक दाखवली."

"बत्तीशीत तेहतिसावा दात कोण मोजतं गं," मावशी हसून म्हणाल्या. त्यांना पुढचे दोन दात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नियोजन अधिकाऱ्यांसमोर बसलो होतो. माणूस सज्जन होता, पण नियमाच्या बाहेर पाऊल न टाकणारा. यादी बंद झाली होती. नंबर नसलेल्या खोलीतल्या माणसाचं नाव घालायचं तर कारखाना बंद पडण्याआधीपासून ती तिथे राहते याचा लेखी पुरावा हवा. व्यवस्थापकाचा हुकूम तोंडी होता. भाडं कधी घेतलं नव्हतं, म्हणून पावती नव्हती. कारखान्याचे कागद रद्दीत गेले होते. "मला एक कागद द्या ताई," अधिकारी म्हणाले, "मी त्याच दिवशी नाव घालतो." ते खरंच तसं करतील हे दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटत होतं.

ताई त्या आठवड्यात रोज बत्तीशीत जात होत्या. एका संध्याकाळी दादांच्या ओट्यावर बसून त्यांनी विचारलं की बाबांच्या ट्रंकेत काही असेल का. दादांनी ट्रंक दोनदा पालथी घातली होती. पण बाबांचं नाव निघालं तसे ते एकदम थांबले.

"बाबांनी लिहिलं होतं की," ते म्हणाले. "नळघरात."

वडिलांचं अक्षर सुरेख होतं. नळाला सकाळी दीड तास पाणी येई आणि रोज भांडणं होत. शेवटी व्यवस्थापकानं पाळ्या ठरवून दिल्या आणि ताईंच्या वडिलांनी काळ्या ऑइलपेंटनं नळघराच्या भिंतीवर त्या लिहून काढल्या. पुढे दरवर्षी चुन्याचे हात बसत गेले. अक्षरं पुसट झाली, मग दिसेनाशी.

त्या रविवारी सकाळी अख्खी बत्तीशी नळघरापाशी जमली. बोथट सुऱ्या, चमचे, ओली फडकी घेऊन आळीपाळीनं माणसं भिंत खरवडायला लागली. चुना खाली ओलसर होऊन सुटत होता, म्हणून खालून वर जायचं ठरलं. दादा मागे उभे राहून ओरडत होते की हळू, काना जाईल, वेलांटी जाईल.

पहिली ओळ निघाली ती बत्तीस नंबरची. मग एकतीस. प्रत्येक आकड्यापुढे वडिलांनी वेळ लिहिली होती आणि कंसात घरातली माणसं. जसजशी ओळ निघे तसतशी माणसं बोलायला लागली. सव्वीस नंबरात दोन जावा होत्या, दोघींची पाळी एकच, म्हणून एकमेकींची बादली लाथाडायच्या आणि दुपारी एकाच चटईवर पडून गप्पा मारायच्या. एकोणीसचा, नळीनं काच फुंकणारा फुंकणीवाला इतका दमाचा होता की नळाला पाणी नसलं की पोरं त्याला म्हणायची, काका, तोटीत फुंका. अकरा नंबरच्या घरात एके काळी नऊ माणसं होती, आता तिथली सून एकटी उभी होती. ती ओळीवरून फडकं फिरवत राहिली, ओळ स्वच्छ निघाली होती तरी. चौदा नंबर आला तेव्हा ताईंनी कंसातलं वाचलं. मोठी तीन. मग त्यापुढे बारीक अक्षरात, बारकी एक. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, फक्त शेजारच्या बाईच्या हातातला चमचा घेतला आणि खरवडायला लागल्या.

दुपारपर्यंत एक नंबर निघाला. त्याच्या वर नुसता चुना. तेहतिसावी ओळ नव्हतीच. मावशी म्हणाल्या, जाऊ दे आता, हात दुखतील सगळ्यांचे.

दादा भिंतीपासून मागे सरले, लांबून बघत राहिले, जसं छापखान्यात छपाईचं पान जुळवून झाल्यावर बघतात. मग म्हणाले, "वर समास फार सोडलाय. बाबा एवढा समास सोडत नसत."

ताई स्टुलावर चढल्या. वीतभर वर खरवडल्यावर काळा रंग दिसला. ओळ सगळ्यात वर होती, एक नंबरच्याही आधी. कोळसाखोली, शिलाई, सर्वांत प्रथम, कारण भोंग्याआधी मोजे द्यावयाचे. त्याच्या वर, छताला लागून, व्यवस्थापकांच्या हुकमावरून असं लिहून तारीख घातली होती. कारखाना बंद पडायच्या एकवीस वर्षं आधीची.

मावशींना वाचता येत नव्हतं. दादांनी ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा ऐकली. "सर्वांत प्रथम म्हणालास ना?" त्यांनी विचारलं. मग त्या आपल्या खोलीकडे निघून गेल्या आणि थोड्या वेळानं यंत्राचा आवाज सुरू झाला.

अधिकारी सोमवारी स्वतः आले. भिंत वाचून त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. भिंत काही फायलीला जोडता येत नाही, असं म्हणाले, पण फोटो काढला, दोन म्हाताऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि अहवाल लिहिला. आता प्रश्न एकच उरला होता. समिती विचारणार की हे नाव यादीतून सुटलं कसं. पाहणी करणाऱ्यांवर ढकलणं अगदी सोपं होतं. ताईंच्या पक्षातल्या दोघांनी तसं सुचवलंही.

ताईंनी पत्रकातच लिहायचं ठरवलं. त्या दिवशी त्यांनी मजकूर सांगितला नाही, स्वतः लिहून आणला. कार्यालयातून तो छापखान्यात जाण्याआधी त्या मला घेऊन दादांकडे गेल्या आणि कागद त्यांच्यापुढे धरला. छापायच्या आधी त्यांनी दादांना काही वाचायला देण्याची ती पहिलीच वेळ. मजकूर चारच ओळींचा होता. यादीवर सही माझी आहे. अनवधानाने एका कुटुंबाचा उल्लेख राहून गेला. कुटुंबं बत्तीस नसून तेहतीस आहेत. चूक माझी आहे.

दादांनी वाचलं, पेन उघडलं आणि एकच शब्द खोडला.

"अनवधानाने काढ," ते म्हणाले. "तू विसरली होतीस. विसरले असं लिही."

मला वाटलं, आता उठून जातात. त्यांनी पेन घेतलं आणि खोडलेल्या शब्दाच्या वर लिहिलं, मी विसरले. मग कागदाकडेच बघत म्हणाल्या, "सभेत मी बोलले ते तुला लागलं होतं ना."

"खोल्या ओल्याच होत्या," दादा म्हणाले. "तू खोटं नाही बोललीस. पण आपण सांडलेलं दूध आईनं पुसलेली फरशी होती गं ती. लायकीची नाही, असं नको होतं म्हणायला."

मी फाइल घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

समितीनं तेहतिसावं नाव मान्य केलं. विरोधकांनी मात्र ते पत्रक जपून ठेवलं. पुढच्या निवडणुकीत चौकाचौकात तेच फडकवलं, की ही बघा, स्वतःच्या माणसांना विसरणारी. ताई दोनशे अकरा मतांनी पडल्या. त्यांच्यानंतर पत्रक बंद झालं आणि माझीही बदली झाली.

इमारत ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा उभी राहिली. बत्तीशी पाडली त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले होते. नळघराची भिंत एका धक्क्यात गेली. कोणी वीट उचलून घरी नेली नाही. धुरळा बसेपर्यंत सगळे उभे होते, मग कोणीतरी चहा सांगितला आणि माणसं पांगली. मला तेव्हा कळलं नाही, पण आज वाटतं की एवढी माणसं एका ओट्यावर मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

नव्या इमारतीत सभागृह थोडं आखडून तळमजल्यावर एक घर जास्त काढलं होतं. ते मावशींना मिळालं. दादांना तिसरा मजला मिळाला. लिफ्टच्या पाटीत दोन चुका आहेत म्हणून ते जिन्यानंच ये-जा करत.

मागच्या वर्षी एका रविवारी मी सहज गेले. ताई तिथे होत्या, त्या दर रविवारी येतातच. केस पूर्ण पांढरे झाले होते. मावशींच्या खोलीत खिडकीपाशी दोघं भावंडं बसून वाद घालत होती. जुन्या नऊ नंबरचं दार निळं होतं की हिरवं. दादा निळं म्हणत होते, ताई शपथेवर हिरवं. दोघांनी मला साक्षीला ओढलं. मला काहीच आठवत नव्हतं, आणि त्याची मला जरा लाजच वाटली.

मावशी यंत्रावर वाकून पडद्याची कड घालत होत्या. आता नजर जवळजवळ गेली होती, बोटांनीच शिवत होत्या.

"नऊचं दार कधी लागलेलं होतं का," त्या म्हणाल्या, "की रंग दिसेल?"

ताई हसल्या आणि हसतच राहिल्या. मग चहा ठेवायला आत गेल्या. दादा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, निळंच होतं.